पेसांत्रेनमध्ये शिकवायला जाताय? आधी घड्याळ बदला

इंडोनेशियातल्या खेड्यातल्या पेसांत्रेनमध्ये, म्हणजे निवासी इस्लामी शाळेत, शिकवायला जाणार असाल तर पहिल्या आठवड्यात अभ्यासक्रमाच्या मागे लागू नका. तिथला दिवस पाच नमाजांवर चालतो, तो आधी अंगवळणी पडू द्या. जावा बेटावर पहाटे साडेचारच्या आसपासच अजान होते. इअरप्लग घेऊन जायला हरकत नाही, पण लवकर झोपणं जास्त उपयोगी. मगरिबनंतरचा, म्हणजे सूर्यास्ताच्या नमाजानंतरचा, वेळ बहुधा कुराणपठणाचा असतो, तेव्हा जादा तास ठेवू नका. बऱ्याच ठिकाणी सुट्टी रविवारी नसते, शुक्रवारी असते. रमजान दरवर्षी 10-11 दिवस अलीकडे सरकतो, त्यामुळे परीक्षांच्या तारखा आधीच विचारून घ्या.

पोहोचल्यावर सर्वांत आधी कियाईंना, म्हणजे संस्थेच्या धर्मगुरू-प्रमुखांना, भेटा. ही भेट टाळून परस्पर कामाला लागलात तर ते उद्धटपणाचं दिसतं. भिन्नलिंगी व्यक्तीपुढे स्वतःहून हात करू नका. छातीवर हात ठेवून किंचित झुकलं की पुरे. विद्यार्थी, म्हणजे सान्त्री, तुमचा हात कपाळाला लावतील. दचकू नका, तो नमस्कारच आहे.

न्हाणीघरातल्या हौदात मात्र उतरू नका! तांब्यासारख्या भांड्याने पाणी अंगावर घ्यायचं असतं, आणि ते पाणी सगळ्यांचं असतं.

धर्म कोणता, लग्न झालं का, हे प्रश्न पहिल्याच दिवशी येतील. त्यात खोचकपणा नसतो. थोडक्यात, हसून उत्तर द्या.