पायपायवर रिकामी निघणारी फाइल

जळगावात मे महिन्यात दुपारी लॅपटॉपला हात लावायची सोय नसते, म्हणून हे काम रात्रीचं. केळीबागांच्या हवामान नोंदी हाताळणारी एक छोटी मुक्त पायथन लायब्ररी पायपायवर, म्हणजे पायथन वेगानं चालवणाऱ्या पर्यायी इंटरप्रिटरवर, चालती करायचं मी हौसेनं अंगावर घेतलं होतं. आकड्यांचे ॲरे, म्हणजे मोठे संच, हाताळणारं नमपाय बसलं, त्याचा सी भाषेतला कोड तिथे सीपीवायएक्स्ट नावाच्या जोडथरातून चालतो. पण फाइल लिहून लगेच वाचणाऱ्या चाचण्या पडायच्या. फाइल रिकामी!

पायथनचा नेहमीचा इंटरप्रिटर सीपायथन प्रत्येक वस्तूचे संदर्भ मोजतो, म्हणजे ती अजून किती ठिकाणी वापरात आहे ते. मोजणी शून्यावर आली की फाइल तिथल्या तिथे बंद. नको झालेल्या वस्तू मेमरीतून काढणारा पायपायचा कचरावेचक सवडीनं येतो, तोवर मजकूर बफरमध्येच, म्हणजे मेमरीतल्या तात्पुरत्या जागेत, पडून. प्रत्येक 'ओपन' मी काम संपताच फाइल बंद करणाऱ्या 'विथ'मध्ये घातलं. चाचणीत कचरावेचकाला लगेच बोलावणारं 'जीसी.कलेक्ट' टाकूनही भागतं. भुसावळचा मित्र म्हणाला, "चालतंय ना भो, राहू दे." मला पटेना. वापरणाऱ्याच्या कोडमध्ये ते कोण टाकणार?

दुसरी अडचण ॲरेचा आकार बदलणाऱ्या 'रिसाइझ' मेथडची. तीही संदर्भ तपासते, पायपायवर थेट एरर देते. 'एनपी.रिसाइझ' फंक्शन वापरा असं सुचतं खरं, पण ते वाढीव जागा शून्यांऐवजी जुन्याच आकड्यांनी भरतं. पावसाच्या नोंदीत हे भलतंच महाग! शून्यांचा नवा ॲरे करून जुने आकडे त्यात उतरवले.

वेग मात्र आधी घटला. लूपमधून नमपायचा एकेक आकडा उचलताना दरवेळी सीपीवायएक्स्टचा थर ओलांडावा लागतो. 'टूलिस्ट' करून लूप साध्या यादीवर फिरवला, तेव्हा जेआयटीला, म्हणजे चालता चालता कोड यंत्रभाषेत बदलणाऱ्या पायपायच्या भागाला, वाव मिळाला.