काउन्सेलरकडे जाताना नववीचं गणिताचं पुस्तक घेऊन जा

मी डोंबिवलीहून न्यू जर्सीत आले ती नववी पास होऊन, ऑगस्टच्या शेवटी. शाळा सुरू व्हायला आठ दिवस होते. शाळेत विषय ठरवून देणाऱ्या काउन्सेलरबाईंच्या खोलीत मी आणि बाबा. टेबलावर पेपरमिंटच्या गोळ्यांची बरणी आणि माझी मार्कशीट. ती मराठीत, म्हणून बाबांनी इंग्रजी भाषांतर टाईप करून जोडलं होतं. त्यात एक ओळ होती : गणित, ७८. बाईंनी विचारलं, "अल्जिब्रा झालंय ना?" मी म्हटलं, "येस." "छान, मग यंदा जॉमेट्री." बाबांनी मान डोलावली, त्यांचं बघून मीही. दहा मिनिटांत वेळापत्रक छापून हातात. गाडीत बसताना बाबा म्हणाले, "बाई किती गोड बोलतात नाही?"

गोड बोलतातच. पण त्या दहा मिनिटांत माझ्या बारावीचं गणित ठरून गेलं होतं आणि ते मला दीड वर्षांनी कळलं.

हे नीट समजून घ्या, कारण बाकी सगळं चुकलं तरी निस्तरता येतं. इथे गणित म्हणजे जिना असतो. अल्जिब्रा वन, जॉमेट्री, अल्जिब्रा टू, प्रीकॅल्क्युलस, कॅल्क्युलस. एक पायरी, एक वर्ष. आपल्याकडे भाग एक आणि भाग दोन, म्हणजे बीजगणित आणि भूमिती, एकाच वर्षी जोडीने चालतात. नववीच्या भाग दोनमध्ये समांतर रेषा, त्रिकोण, वर्तुळ, निर्देशक भूमिती, त्रिकोणमितीची ओळख, सगळं येऊन गेलेलं असतं. पण कागदावर नुसतं 'गणित' दिसलं की समोरच्या माणसाला ती एकच पायरी वाटते. मला जॉमेट्रीत बसवलं. म्हणजे अकरावीत अल्जिब्रा टू, बारावीत प्रीकॅल्क्युलस आणि कॅल्क्युलस शाळेत कधीच नाही. मला जायचं होतं इंजिनिअरिंगला. शेजारच्या बाकावरची मुलं बारावीत एपी, म्हणजे कॉलेजच्या पातळीचं, कॅल्क्युलस घेणार होती आणि मी वर्षभर त्रिकोणांची एकरूपता पुन्हा सिद्ध करत बसले. मार्क उत्तम पडत होते, म्हणून काही बिनसलंय हे घरात कोणाच्या लक्षातच आलं नाही.

बाईंची चूक होती का? मला आता तसं वाटत नाही. न्यू जर्सीत हायस्कूल पास व्हायला १२० क्रेडिट लागतात, त्यातले १५ गणिताचे, आणि त्यात अल्जिब्रा वन आणि जॉमेट्री किंवा तेवढाच आशय शिकलेला असावा लागतो. त्यांची पहिली काळजी ही, की पोरगी चार वर्षांत नीट पास व्हावी. ती त्यांनी घेतली. मी पुढे कुठपर्यंत जाऊ शकते हे सांगायचं काम माझं होतं, आणि मी "येस" म्हणून मोकळी झाले. 'तेवढाच आशय' या दोन शब्दांत माझी सुटका होती. नववीची दोन्ही पुस्तकं आणि अनुक्रमणिकेचं भाषांतर नेलं असतं, कोणत्या वर्गात बसवायचं ते ठरवणारी प्लेसमेंट टेस्ट मागितली असती, तर अल्जिब्रा टूचा वर्ग कदाचित तेव्हाच मिळाला असता. पुस्तकं होती कुठे? डोंबिवलीत, रद्दीवाल्याकडे.

घाबरू नका, मार्ग असतो. मला तो अकरावीच्या फेब्रुवारीत, पुढच्या वर्षीचे विषय निवडताना सापडला, आणि दाखवला त्याच बाईंनी. मी रडवेली होऊन गेले तर त्यांनी तिथल्या तिथे गणित विभागाला फोन लावला, फॉर्म काढला आणि सांगितलं, उन्हाळ्यात काउंटी कॉलेजात, म्हणजे आपल्या जिल्ह्याच्या सार्वजनिक कॉलेजात, प्रीकॅल्क्युलस कर, पण आधी या कागदावर सही घे. आधी! कोर्स करून मग मंजुरी मागायला गेलात तर शाळा 'नाही' म्हणू शकते. तो उन्हाळा आईने डबा दिला, बाबांनी गाडी चालवली, आणि बारावीत मी कॅल्क्युलसच्या वर्गात शेवटच्या बाकावर का होईना, बसले.

मार्कांचंही तसंच. आपल्याकडे ७५ च्या वर विशेष प्रावीण्य. इथल्या रकान्यात ७८ म्हणजे सी प्लस. काही शाळा बाहेरून आलेल्या वर्षाचे फक्त क्रेडिट धरतात, श्रेणी लिहीत नाहीत. तेवढं विचारा, आणि ईमेलवर विचारा.

एका काउन्सेलरमागे २५० विद्यार्थी असावेत असं त्यांची राष्ट्रीय संघटना म्हणते. २०२२-२३ साली देशाची सरासरी ३८५ होती. त्यात कोणाचं घरी बिनसलेलं, कोण नापास होतंय, कोणाला शाळेतच यायचं नाही. तुम्ही शहाण्यासारखे वागता, मार्क बरे, म्हणजे तुम्ही यादीत शेवटी. वाईट वाटून घेऊ नका, पण 'त्या बोलावतील तेव्हा जाऊ' म्हणून थांबलात तर थांबूनच राहाल. ऑफिसच्या दाराशी बसणाऱ्या सेक्रेटरीबाईंशी आधी ओळख करा. कोणती वेळ मोकळी, कोणता फॉर्म कुठे अडकलाय, हे त्यांनाच ठाऊक असतं.

कॉलेजच्या अर्जाबरोबर काउन्सेलरचं शिफारसपत्र जातं. त्यासाठी तुमच्याकडून एक माहितीपत्रक भरून घेतात. आपली मुलं तिथे 'मेहनती, प्रामाणिक' लिहून येतात. मीही तेच लिहिलं होतं. बाईंनी ते परत केलं आणि विचारलं, "शनिवारी काय करतेस?" शनिवारी मी मंडळाच्या मराठी शाळेत सहा वर्षांच्या पोरांना 'ण' गिरवायला शिकवायचे. पाचजण होते. त्यातला एक दर वेळी 'ण' उलटा काढायचा, म्हणून मी त्याला जमिनीवर रवा पसरून बोटाने काढायला लावलं. हे सांगायचं असतं हे मला माहीतच नव्हतं! आपली स्तुती आपण कशी करायची? पण स्तुती नकोच, नुसतं काय केलं ते सांगा.

एक गोष्ट मात्र त्यांना विचारू नका, व्हिसाची. बाईंनी मलाही सगळ्यांसारखा फाफ्सा, म्हणजे कॉलेजच्या खर्चासाठी सरकारी मदतीचा अर्ज, भरायला सांगितला. एच-४ वर, म्हणजे आईबाबांच्या नोकरीच्या व्हिसावर अवलंबून असलेल्या व्हिसावर, आलेल्या मुलांना अमेरिकेच्या केंद्र सरकारची मदत मिळत नाही, आणि २१ पूर्ण झाल्यावर तो व्हिसाही आईबाबांच्या आधाराने राहत नाही. यासाठी वकील किंवा कॉलेजचं आंतरराष्ट्रीय विद्यार्थ्यांचं ऑफिस गाठा. व्हॉट्सअ‍ॅपवरचे काका नकोत.

काकांवरून आठवलं, कॉलेज प्रवेशाचे खाजगी सल्लागार. आमच्या ओळखीत दोघातिघांनी हजारो डॉलर मोजले. माझं मत विचाराल तर पैसे पाण्यात. त्यांनी अर्जाचे निबंध गुळगुळीत करून दिले, पण शाळेतून जाणारं गुणपत्रक आणि शिफारसपत्र पाठवायला शेवटी शाळेचीच माणसं लागली. याउलट ज्यांची मातृभाषा इंग्रजी नाही त्यांना इंग्रजी शिकवणाऱ्या माझ्या ईएसएल सरांनी जेवणाच्या सुट्टीत फुकट बसवून निबंध तपासला, लाल पेनाने अख्खा परिच्छेद खोडला, आणि मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही.

यंदा माझा धाकटा मावसभाऊ पुण्याहून येतोय, नववी करून. त्याच्या बॅगेत दोन्ही गणिताची पुस्तकं आहेत. वजन भरतं म्हणून मावशीने लोणच्याची बरणी काढून ठेवली.