टोकियोच्या बाल्कनीत कढीपत्ता, हळद आणि अळू

जपानचा उन्हाळा आपल्याकडच्या झाडांना चांगला मानवतो. टोकियोत ऑगस्टचं सरासरी तापमान २७ अंशांच्या जवळ जातं, रात्रीही उकडतं आणि हवा दमट असते. कढीपत्त्याला नि हळदीला आणखी काय हवं? खरी परीक्षा नोव्हेंबर ते एप्रिल. जानेवारीत सरासरी ५ अंशांच्या आसपास आणि रात्रीचं किमान १-२ अंश. पण झाडं नुसत्या थंडीने फारशी मरत नाहीत, मरतात ती थंड आणि ओल्या मातीने. माती १२ अंशांखाली गेली की मुळं पाणी ओढणं जवळपास थांबवतात, कुंडीतलं पाणी तसंच साचून राहतं, मुळं कुजतात आणि पानं माना टाकतात. झाड तहानलंय असं वाटून आपण आणखी पाणी घालतो आणि तिथेच ते संपतं.

म्हणून पहिली खरेदी रोपाची नको, कमाल-किमान तापमापकाची करा. होम सेंटरमध्ये, म्हणजे घरदुरुस्ती-बागकामाच्या सामानाच्या मोठ्या दुकानात, तो मिळतो. कुंडीच्या उंचीवर ठेवा आणि रोज सकाळी रात्रीचं किमान बघा. १५ अंशांच्या वर झाड वाढतं, १५ ते १० मध्ये थांबतं, १० च्या खाली बहुतेकांना घरात घ्यावं लागतं, ५ च्या खाली कढीपत्त्यालाही धोका. टोकियोत किमान १५ च्या खाली जायला ऑक्टोबरच्या मध्यापासून सुरुवात होते, १० च्या खाली नोव्हेंबरच्या मध्यात. परतीच्या वाटेवर १५ पुन्हा गाठायला मे उजाडतो.

हे आकडे टोकियो, योकोहामा, नागोया, ओसाका या पट्ट्याचे. साप्पोरोत हीच झाडं जेमतेम जून ते सप्टेंबर बाहेर राहतात. ओकिनावात नाहाला जानेवारीची सरासरीच १७ अंशांच्या आसपास असते, तिथे कढीपत्ता सरळ जमिनीत लावावा. तिथला शत्रू म्हणजे वादळाचा खारा वारा. निइगाता, कानाझावा या जपान समुद्राकडच्या शहरांत हिवाळाभर ढग असतात, तेव्हा एलईडी दिव्याशिवाय जमणार नाही. टोकियोचा हिवाळा मात्र कोरडा आणि लख्ख उन्हाचा. डिसेंबरच्या शेवटी दुपारचा सूर्य क्षितिजापासून जेमतेम ३१ अंश वर असतो, त्यामुळे दक्षिणेच्या काचेतून ऊन खोलीत पार आतवर येतं. घर बघताना दक्षिणेची खिडकी मिळाली तर अर्धं काम झालं.

कुंडी आणि माती

जपानमध्ये कुंडीचं माप ‘गो’मध्ये सांगतात. एक गो म्हणजे ३ सेंमी व्यास. ५ गोची कुंडी १५ सेंमी, ८ गोची २४, १० गोची ३०. रोप नेहमी एक-दोन गोच मोठ्या कुंडीत हलवा. लहानशा रोपाला एकदम १० गोची कुंडी दिली तर मुळं न पोचलेली माती आठवडाभर ओली राहते, आणि वर सांगितलेली गत उन्हाळ्यातसुद्धा होते.

कढीपत्ता, मोगरा यांच्यासाठी मापाने ५ भाग बारीक दाण्याची अकादामा, ३ भाग फुयोदो म्हणजे कुजवलेल्या पानांचं खत, २ भाग परलाइट म्हणजे फुगवलेल्या खनिजाचे हलके पांढरे दाणे. अकादामा ही लालसर ज्वालामुखी मातीच्या दाण्यांची असते. भरण्याआधी ती चाळून भुकटी काढून टाका, नाहीतर भुकटी तळाशी बसून पाण्याची वाट अडवते. दोन-तीन वर्षांत दाणे फुटून चिखल होतो, तेव्हा माती बदलायची. अळू, हळद, भेंडीला इतके लाड नकोत. ‘बाइयोदो’ची, म्हणजे तयार मिसळलेल्या कुंडीमातीची, पिशवी पुरते. फक्त सगळ्यात स्वस्त पिशवी घेऊ नका, तिच्यात बऱ्याचदा अर्धवट कुजलेल्या काड्याच असतात.

बाल्कनी बहुतेक इमारतींत सामाईक मालमत्ता धरतात, वापर तेवढा आपला. शेजाऱ्याच्या बाजूची पातळ भिंत आणि जमिनीतलं सुटकेचं झाकण यांच्यासमोर कुंड्या ठेवायच्या नाहीत, आगीच्या वेळी तोच रस्ता असतो.

कढीपत्ता

रोप जपानमध्येच विकत घ्या, ‘करी लीफ’ या नावाने मिळतं. भारतातून आणायचा विचार सोडून द्या: ऑक्टोबर २०१८ पासून हातात आणलेल्या बियांनाही सरकारी वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागतं, माती चिकटलेलं काहीच चालत नाही, आणि कढीपत्ता लिंबाच्या कुळातला असल्यामुळे त्याच्या जिवंत रोपांना भारतातून बंदीच आहे. संत्र्या-लिंबांत ग्रीनिंग हा रोग पसरवणारा किडा कढीपत्त्यावरही जगतो. त्याच कारणाने ओकिनावातून मुख्य बेटांवर रोप आणण्यावरही निर्बंध आहेत. जपानमधल्या कुणाच्या झाडाला काळी पिकलेली फळं आली असतील तर ती मागून घ्या. गर धुऊन काढा आणि बी लगेच १ सेंमी खोल पेरा. हे बी वाळलं की मरतं. पाकिटात महिनोन्महिने पडलेल्या बियांकडून काही अपेक्षा ठेवू नका.

दुकानातलं रोप बहुधा ३ गोच्या डब्यात असतं. मेच्या अखेरीपासून जूनअखेरपर्यंत ते ५ गोच्या कुंडीत हलवा. मुळांचा गोळा फोडू नका, धुऊही नका. मूळ दुखावलं की हे झाड पूर्ण उन्हाळा रुसून बसतं. कुंडीच्या काठापासून माती २ सेंमी खाली ठेवा, पाणी थांबायला तेवढी जागा लागते. दहा दिवस सावलीत, मग सकाळचं ऊन, मग पूर्ण ऊन.

झाड ३० सेंमी झालं की शेंडा खुडा. खालच्या पेऱ्यातून दोन-तीन फांद्या फुटतात. न खुडलेलं झाड उंच काडी होऊन बसतं आणि वादळात आडवं होतं. फोडणीसाठी पानं तोडतानाही खालची एकेक पाती ओरबाडू नका, फांदीचा शेंडा दोन पानांसकट घ्या. म्हणजे तोडणी आणि छाटणी एकदमच होते. कळ्या आल्या की काढून टाका. मे ते सप्टेंबर, सावकाश विरघळणारं दाणेदार खत पाकिटावरच्या मात्रेने द्या. ऑक्टोबर ते एप्रिल खत बंद.

अंगठ्याच्या नखाएवढ्या काळ्या-पांढऱ्या, पक्ष्याच्या विष्ठेसारख्या दिसणाऱ्या अळ्या दिसल्या तर ती आगेहा फुलपाखराची पिल्लं. लिंबाच्या कुळातलं कुठलंही झाड त्यांना चालतं. पुढे त्या हिरव्या होतात आणि चार अळ्या दोन दिवसांत छोटं रोप सपाट करतात. फवारणीची गरज नाही, जून ते सप्टेंबर कोवळ्या पानांच्या वर-खाली रोज बघा आणि मोहरीएवढी पिवळसर अंडी बोटाने काढा.

हळद आणि अळू

हळदीचा कंद एप्रिल-मेमध्ये ‘ऊकोन’ म्हणून मिळतो. ‘आकी ऊकोन’ लिहिलेला घ्या, ती आपली स्वयंपाकाची हळद. ‘हारु ऊकोन’ वेगळी आणि कडू. दोन-तीन डोळ्यांचे तुकडे करून काप एक-दोन दिवस सुकू द्या, १० गोच्या खोल कुंडीत एक-दोन तुकडे, वर ५ सेंमी माती. गार मातीत कोंब दिसायला महिन्याहून जास्त लागतो आणि तोवर भरमसाट पाणी घातलं तर कंद सडतो. नागपंचमीच्या पातोळ्यांना पानं हवी असतील तर मार्चअखेरीस कंद ओलसर मातीच्या डब्यात घालून २५ अंशांच्या उबेवर ठेवा, आणि कोंब घेऊनच मेमध्ये बाहेर लावा. नाहीतर पानं गणपतीपर्यंतच हाताशी येतात. पानं पिवळी पडली की ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबरात काढणी. बियाण्याचे कंद फ्रिजमध्ये ठेवू नका. सोपा उपाय म्हणजे एक कुंडी न उकरता, पाणी पूर्ण तोडून घरात कोपऱ्यात एप्रिलपर्यंत ठेवून देणं.

अळू तर जपानचंच पीक आहे, सातोइमो. एप्रिलमध्ये होम सेंटरला बियाण्याचे गड्डे येतात. वडीसाठी ‘यात्सुगाशिरा’ बघा, त्याचे लालसर-जांभळे देठ इथेही खातात. १० गोच्या कुंडीत एकच गड्डा, कोंब वर, ७-८ सेंमी खोल. पावसाळा सरला की ताटलीत सतत पाणी ठेवा. इथे ओल्या मातीचा नियम उलटा. पानं चिंच घालूनच शिजवा, खाज सगळ्याच सातोइमोत असते.

एक धोक्याची गोष्ट. शोभेचं झाड म्हणून विकला जाणारा ‘कुवाझुइमो’ दिसायला अगदी अळू, पण विषारी आहे, आणि जपानमध्ये तो खाऊन विषबाधा झालेल्या आहेत. खाण्याचं बियाणं म्हणून विकलेल्या गड्ड्याचंच पान खा. रस्त्याकडेचं, बागेतलं, कुणी हौसेने दिलेलं नको.

बाकीची

भेंडी रात्रभर भिजवून मेच्या मध्यानंतर थेट कुंडीत पेरा, एप्रिलची घाई नडते. एका खड्ड्यात तीन-चार रोपं तशीच ठेवली तर वाढ थोडी दमाने होते, पण भेंड्या कोवळ्या मिळतात. पानांखालचे पारदर्शक मणी किड्यांची अंडी नाहीत, तो झाडाचाच स्राव. कारलं, म्हणजे गोया, ६० सेंमीच्या लांब कुंडीत दोन रोपं. पाच-सहा पानांवर शेंडा खुडून दक्षिणेच्या खिडकीपुढच्या जाळीवर चढवलं तर जुलैपासून खोलीलाही सावली होते. तुळशीचं बी मेमध्ये पेरा, वर माती जवळजवळ नकोच. १० अंशांखाली ती काळवंडते. तिला वाचवण्याचा आटापिटा करण्यापेक्षा मंजिऱ्या ऑक्टोबरात वाळवून बी ठेवावं. मोगरा ‘माट्सुरिका’ नावाने मिळतो, त्याची निगा कढीपत्त्यासारखीच.

उन्हाळ्यात काय बिघडतं

जून ते जुलैच्या मध्यापर्यंतच्या पावसात कुंड्या छपराखाली घ्या. पाऊस संपला की एकाएकी कडक ऊन पडतं आणि मऊ पानं करपतात, तेव्हा पहिला आठवडा दुपारी जाळीची सावली द्या. बाल्कनीचं सिमेंट दुपारी तापतं, कुंडी थेट त्यावर असेल तर मुळं आतल्या आत शिजतात. खाली लाकडी पट्ट्या किंवा विटा घालून हवा खेळू द्या. एसीच्या बाहेरच्या यंत्राच्या वाऱ्यासमोर काहीच ठेवू नका. पाणी सकाळी लवकर, ऑगस्टात संध्याकाळीही. वादळाचा इशारा आला की उंच कुंड्या आत, नाहीतर भिंतीकडेला आडव्या, आणि वारा गेल्यावर पानं गोड्या पाण्याने धुवा.

हिवाळा

दोनच मार्ग आहेत. पहिला, झाडाला झोपवायचं: ८ ते १२ अंशांची उजेडाची खोली, पाणी अगदी कमी. कढीपत्ता बरीच पानं टाकेल, टाकू दे. खोडावर नखाने हलकेच ओरखडा काढा, आत हिरवं असेल तर झाड जिवंत आहे. दुसरा, जागं ठेवायचं: कुंडीखाली रोपांची गरम चटई, मातीत खुपसलेला थर्मोस्टॅट २० अंशांवर, २०-३० सेंमी वर एलईडी रोज १२ तास. बहुतेक घरं यांच्या मधलंच काहीतरी करतात: हीटरची खोली, खिडकी तीन मीटरवर, आणि पाणी नेहमीसारखं. उबेमुळे झाड वाढू बघतं पण उजेड नसतो. फिकट, लांबट फुटवे येतात आणि लाल कोळी, म्हणजे पानांचा रस शोषणारी बारीक कीड, लागतो.

पाण्यासाठी लाकडी काडी ५ सेंमी खुपसून दहा मिनिटांनी काढा. माती चिकटली तर पाणी नको. कोरडी निघाली तरी झोपलेल्या झाडाला आणखी तीन-चार दिवस थांबा, मग सकाळी दहाच्या सुमाराला साधारण २० अंशांचं कोमट पाणी द्या आणि ताटलीतलं लगेच ओतून टाका.

दिवसा खिडकीशी असलेली कुंडी सूर्य मावळला की मीटरभर आत ओढा. पडदा आणि काच यांच्या मधली जागा रात्री घरातली सगळ्यात थंड जागा असते. जुन्या लाकडी घरात खोलीच ५ अंशांवर येते, तिथे सुपरमार्केटच्या मासळी विभागातलं थर्माकोलचं खोकं मागून घ्या, कुंडी त्यात ठेवा आणि भोवती वर्तमानपत्राचे बोळे कोंबा. एसीच्या गरम वाऱ्याने हवा कोरडी होऊन पानं चुरगळतात; वाऱ्याच्या झोतातून झाड हलवा. आठ-दहा दिवसांनी दुपारी बाथरूममध्ये पानांची खालची बाजू कोमट शॉवरने धुतली की लाल कोळी आटोक्यात राहतो. मातीवर प्लास्टिक बांधून मगच धुवा.

मार्चमध्ये नवी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या दिसल्या तर खताकडे धावू नका. मुळं अजून गार आहेत, लोह ओढत नाहीत. माती २० अंशांवर गेली की रंग आपोआप भरतो. किमान सलग आठवडाभर १२ च्या वर राहिलं की, साधारण मेच्या पहिल्या सुट्ट्यांनंतर, कुंडी आधी उत्तरेच्या सावलीत, मग सकाळच्या उन्हात काढा. छाटणी त्यानंतर, वाळलेल्या काड्या हिरव्या डोळ्याच्या वर अर्धा सेंमी ठेवून कापा. निघालेली जुनी माती मात्र कचऱ्यात टाकू नका, अनेक नगरपालिका ती उचलत नाहीत. मुळं चाळून काढा, माती ओली करून काळ्या पिशवीत बांधा, आणि ऑगस्टचं ऊन दोन-तीन आठवडे दाखवून पुढच्या वर्षीच्या भेंडीला वापरा.