जुन्या जर्मन रायफली आणि त्यांच्यावरचे शिक्के: या चुका टाळा

आमच्या घरी आजीच्या लग्नातलं एक पितळी पातेलं आहे. काठावर ठिपक्याठिपक्यांनी अक्षरं टोचलीत: तिच्या मामाचं नाव, ‘सप्रेम भेट’ आणि साल. ते साल लग्नाचं, नाव देणाऱ्याचं. पातेलं कोणत्या तांबटाने ठोकलं, कधी ठोकलं, याचा त्यात पत्ताच नाही.

जर्मन लष्करी रायफलीवर असे वीस-पंचवीस शिक्के सहज असतात. कारखान्याचा एक, तपासनिसाचे चार-पाच, पलटणीचा एक, पुढे ज्याने ती लढाईत जिंकली त्याचा आणखी एक. नवखा संग्राहक ते सगळे एकाच माणसाने एकाच दिवशी मारले असं समजून वाचतो. मीही तसंच वाचत होतो. अमेरिकेत ओहायोत राहतो, बारा वर्षं हा नाद आहे, आणि त्यातली पहिली तीन वर्षं मी बरंच चुकीचं सांगत हिंडलो.

१९२० म्हणजे जन्मसाल नव्हे

माझी पहिली गेवेर ९८, म्हणजे पहिल्या महायुद्धातली जर्मन शिपायाची नेहमीची रायफल. रिसीव्हरच्या (नळी जिथे बसते त्या धातूच्या सांगाड्याच्या) कड्यावर मुकुट, खाली स्पांडाउ हे कारखान्याचं गाव, खाली १९१७. आणि त्याच कड्यावर आणखी एक साल: १९२०. मी सगळ्यांना ठासून सांगायचो की १९१७ला काम सुरू झालं आणि १९२०ला संपलं. लोक माना डोलवायचे.

खरी गोष्ट अशी. पहिलं महायुद्ध हरल्यावर व्हर्सायच्या तहाने जर्मनीचं सैन्य एक लाखावर आणलं आणि रायफली किती ठेवायच्या तेही ठरवून दिलं: ८४,००० रायफली आणि १८,००० कार्बाइन. देशभर तर लाखो बंदुका पसरलेल्या. सरकारच्या कोणत्या आणि लोकांनी दडवलेल्या कोणत्या हे कळावं म्हणून सरकारी मालावर १९२० असा शिक्का मारला. संगिनींवरही तो सापडतो. म्हणजे हे पातेल्यावरचं लग्नाचं साल झालं. दोन सालं दिसली की जुनं साल घडवल्याचं आणि १९२० मालकीचं, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

त्याच काळातला दस्त्यावरचा, म्हणजे रायफलीच्या लाकडी भागावरचा, ‘ई डब्ल्यू बी’ हा शिक्काही असाच फसवतो. लोकांना ती कुणा शिपायाच्या नावाची आद्याक्षरं वाटतात. तो बव्हेरियाच्या नागरिक दलाचा, आइनवोनरवेअरचा शिक्का आहे.

नुसता नंबर सांगून काही कळत नाही

“माझ्याकडे ४५६७ नंबरची आहे, कुठली असेल?” हा प्रश्न मला महिन्यातून एकदा तरी येतो. उत्तर देता येत नाही, कारण ४५६७ नंबरच्या रायफली ढिगाने आहेत. प्रत्येक कारखाना दरवर्षी १पासून मोजायला लागायचा, ९९९९ झाले की पुन्हा १पासून, पण आता नंबराखाली छोटं ‘ए’. पुढच्या फेरीला ‘बी’. कारखाना, साल, नंबर आणि ते बारीक अक्षर अशा चार गोष्टी जुळल्या तरच ती रायफल एकटी उभी राहते. अक्षर नसेल तर ते पुसलं गेलं असं लगेच धरू नका. ती बहुधा वर्षातल्या पहिल्या फेरीची आहे.

पलटणीच्या शिक्क्यातला एकटा ‘आर’ म्हणजे बहुधा रेजिमेंट. पुष्कळ जण तो ‘रिझर्व्ह’ वाचतात आणि मग राखीव दलाचा नसलेला इतिहास शोधत बसतात. १९१६ ते १८ मधल्या काही गेवेर ९८च्या कड्यावर मोठा तारा असतो. तो पाहून कोणी रशिया म्हणतं, कोणी तुर्कस्तान. हा तारा जर्मनांचाच. सुटे भाग निरनिराळ्या छोट्या कारखान्यांतून आणून जोडलेली रायफल आहे, तिचे भाग दुसरीला बसतीलच असं नाही, एवढाच त्याचा अर्थ. संगिनीच्या पात्याच्या पाठीवर मुकुटाखाली ‘डब्ल्यू’ आणि सालाचे शेवटचे दोन आकडे असतात. ‘डब्ल्यू’ प्रशियाच्या विल्हेल्मचा, पण व्युर्टेम्बर्गचा राजाही विल्हेल्मच होता, तेव्हा मुकुट नीट बघा. सॅक्सनीचा ‘एफ ए’ म्हणजे फ्रीड्रिख आउगुस्ट.

कार९८के: गुप्त नावं आणि गरुड

कार९८के ही गेवेर ९८ची आखूड, पुढची आवृत्ती. हिटलरच्या काळात कारखान्याचं नाव लपवून त्याजागी सांकेतिक खुणा आल्या. ‘एस/४२’ म्हणजे ओबर्नडॉर्फचा माउझर कारखाना. सालसुद्धा लपवलेलं: ‘के’ म्हणजे १९३४, ‘जी’ म्हणजे १९३५. ‘के’ हे कार्बाइनचं आद्याक्षर समजून एकाने १९३४ची रायफल किरकोळ भावात विकलेली मी पाहिली आहे. पुढे तीच माउझर ‘बीवायएफ’ झाली. ‘बीएनझेड’ म्हणजे ऑस्ट्रियातलं श्टायर.

या काळात तपासनिसाचा शिक्का म्हणजे छोटा गरुड आणि खाली आकडा. तो आकडा कारखान्याचा नसतो, तिथे बसलेल्या लष्करी तपासणीचा असतो. माउझरकडे १३५ भेटतो, ६५५ही भेटतो. त्यामुळे एकाच रायफलीवर दोन वेगळे आकडे दिसले म्हणजे ती जोडतोड, म्हणजे वेगवेगळ्या रायफलींचे भाग जुळवून केलेली आहे, हा निष्कर्ष घाईचा.

जोडतोड ओळखायची कशी, ते मी पैसे मोजून शिकलो. ‘बीवायएफ ४३’, सगळे नंबर जुळणारे, दस्ता सुरेख. विकणारा गोड बोलायचा. घरी आणून स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवली आणि मॅगझिनच्या तळपट्टीवरून अंगठ्याचं नख फिरवलं, तर आकड्यांपाशी नख किंचित खाली उतरलं. वाटीच्या तळासारखा उथळ खोलगटपणा. जुना नंबर घासून काढला होता आणि त्या खड्ड्यात नवा ठोकला होता. मूळ शिक्का मारताना धातू आकड्याच्या कडेला थोडा वर येतो. इथे आकड्यांच्या कडा सपाट, आणि सातचा आडवा दांडा रिसीव्हरवरच्या सातपेक्षा लांब. तेव्हापासून मी विकत घेण्याआधी नख फिरवतो, मग भाव विचारतो.

लाल सैन्याने पकडलेल्या आणि पुढे दुरुस्त करून ठेवलेल्या रायफलींची गोष्ट वेगळी. त्यांच्या बोल्टवर (मागेपुढे सरकणाऱ्या खिट्ट्यावर) विजेच्या पेनने गिचमिड नंबर लिहिलेला असतो, रिसीव्हरवर ‘एक्स’ सारखी खूण, दस्ता लाखेने चकचकीत. यात लपवाछपवी नाही. रशियन भांडारातल्या कारागिराने आपलं काम उघड करून ठेवलंय. अशी रायफल तिच्या भावाने घ्या. ‘मूळ’ म्हणून मात्र घेऊ नका.

आणि आजोबांनी १९४५ला जर्मनीहून आणली, ही इकडची लाडकी कथा. नळीच्या टोकाशी खालून बघा. आयात करणाऱ्या कंपनीचं नाव आणि गावाचं नाव बारीक अक्षरांत कोरलेलं असेल तर ती रायफल आजोबांच्या खांद्यावरून आली नाही. अशी आयातखूण मारणं अमेरिकेत १९६८च्या कायद्यानंतर सक्तीचं झालं.

काडतूस

इथे मात्र चूक झाली तर नुसते पैसे जात नाहीत. गेवेर ९८च्या आधीची जर्मन रायफल म्हणजे १८८८ची कमिशन रायफल; तिची मूळ गोळी ८.०८ मिलिमीटर जाडीची. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला टोकदार ‘एस’ गोळी आली, ती ८.२० मिलिमीटर. काडतुसाचं कवच दिसायला सारखंच. जुन्या अरुंद नळीत नवी गोळी कोंबली की दाब भलताच चढतो. चेंबरवर, म्हणजे काडतूस बसतं त्या नळीच्या मागच्या भागावर, मोठा ‘एस’ असेल तर ती नव्या गोळीसाठी बदललेली. ‘झेड’ म्हणजे नळीतल्या खाचा खोल केलेल्या, आणि ‘झेड’ला ‘एस’ समजणारे लोक मी पाहिलेत. शिवाय नॉर्वेने युद्धानंतर हाती आलेल्या कार९८के अमेरिकी .३०-०६ काडतुसासाठी आणि इस्रायलने ७.६२ नाटोसाठी बदलून घेतल्या. त्यावर गरुड तसाच राहतो, चेंबर मात्र बदललेला. शिक्का वाचून गोळी भरायची नाही. जाणकार कारागिराकडून नळी आणि चेंबर मोजून घ्या, किंवा माझ्यासारखी भिंतीवर लावा.

साफसफाई

दस्त्याला पॉलिश पेपर लावू नका. उजव्या बाजूला मुकुटाखालच्या तपासनिसाच्या फ्राक्टूर (जुन्या जर्मन वळणाच्या) अक्षरांचा ठसा केसभर खोल असतो, पाच मिनिटांत जातो. मग राहतं गुळगुळीत लाकूड आणि निम्मी किंमत. चिकट जुनं ग्रीस असेल तर मिनरल स्पिरिट आणि सुती फडकं, बस. पुसट शिक्का वाचायला घासायची गरजच नाही: खोलीतले दिवे बंद करा, मोबाइलचा टॉर्च लाकडाला जवळजवळ टेकवून आडवा धरा. समोरून काही दिसत नव्हतं तिथे सावलीतून मुकुटाच्या कडा उभ्या राहतात. हे मी रात्री करतो, म्हणून बायको याला ‘भूत बोलावणं’ म्हणते.

भारतात कोणी हे वाचत असेल तर एवढंच. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात १८९८ किंवा त्याआधी बनलेली बंदूक ‘अँटिक’ ठरते. तो नियम भारतात लागू नाही. आपल्या १९५९च्या शस्त्र कायद्याच्या कलम ४५मध्ये पुरातन शस्त्राला सूट आहे, पण दुरुस्ती करूनही जे चालूच शकत नाही अशालाच. वाड्याच्या माळ्यावर काही सापडलं तर चाप ओढून बघू नका, ते निकामी आहे असं स्वतःच ठरवू नका, आणि गाडीत घालून कुठे नेऊ नका. आहे तिथे राहू द्या आणि पोलीस ठाण्यात कळवा. फोटो काढायचाच असेल तर लांबून काढा.