डेटा पॅक नसलेला जुना फोन कामाला कसा लावायचा

घरात एखादा जुना अँड्रॉइड ड्रॉवरमध्ये पडलेला असतोच, आणि तो आईला किंवा गावी काकांना द्यायचा म्हटलं की पहिला प्रश्न येतो, दर महिन्याला नेटपॅक कोण मारणार? नाही मारला तरी चालतं. कुठेतरी अधूनमधून वायफाय मिळत असेल तर नळाला पाणी आल्यावर हंडे भरतो तसा फोन भरून ठेवायचा, बस.

आधी सिमचं बघा. ट्राय म्हणजे दूरसंचार नियामकाच्या आदेशानंतर २०२५ च्या सुरुवातीला कंपन्यांनी फक्त कॉल आणि एसएमएसचे पॅक आणले, पण ते ॲपमध्ये कुठेतरी खाली दडवलेले असतात, त्यामुळे दुकानदाराला "डेटाशिवायचा पॅक दे" असं स्पष्ट सांगा. फोन खूपच जुना असेल आणि त्यात व्होल्टी (४जीवरून कॉल करायची सोय) नसेल तर जिओवर साधा कॉलही लागणार नाही, २जी चालू असलेल्या कंपनीचं सिम घ्यावं लागेल. आणि सेटिंगमध्ये जाऊन मोबाइल डेटा बंद करून टाका, नाहीतर मेन बॅलन्स असला तर तो गुपचूप कापला जातो.

मग सेटिंगमध्ये 'अबाउट फोन' उघडून अँड्रॉइडचं व्हर्जन बघा. ५.० च्या खालचं असेल तर व्हॉट्सॲप विसरा. ७.१.१ च्या खालचं असेल तर वेगळीच गंमत होते, म्हणजे वायफाय जोरात चालू असतं पण निम्म्या साइट 'कनेक्शन सुरक्षित नाही' म्हणत उघडतच नाहीत. आधी तारीख-वेळ तपासा, बंद पडून राहिलेल्या फोनची तारीख कुठल्या कुठे गेलेली असते. ती बरोबर असेल तर दोष सर्टिफिकेटच्या यादीचा, म्हणजे साइट खरी आहे का हे ज्यावरून ठरतं त्या यादीचा, फोनमधली यादी जुनी आणि जुना क्रोम तीच वापरतो. फायरफॉक्स स्वतःची यादी घेऊन येतो, प्ले स्टोअर त्या फोनवर चालणारं जे व्हर्जन देईल ते टाका, बहुतेक साइट उघडतील. पण अशा फोनवर बँकेचं ॲप नको म्हणजे नकोच, फोनचे सिक्युरिटी अपडेट कधीच बंद झालेत.

आता भरायचं काय. सगळ्यात आधी मॅप. गुगल मॅप्समध्ये आपल्या फोटोवर टॅप करा, 'ऑफलाइन मॅप्स', मग चौकट ओढून डाउनलोड. चौकट जरा मोठीच घ्या, पुण्याहून ताम्हिणीतून माणगावला जायचं असेल तर दोन्ही टोकं आत हवीत, घाटात तर पॅकवाल्यांचंही नेटवर्क जातं. ऑफलाइनमध्ये फक्त गाडीचा रस्ता मिळतो, चालत जायचा नाही, ट्रॅफिकही दिसत नाही. गडबिड चढणाऱ्यांनी ऑर्गॅनिक मॅप्स घ्यावं, पायवाटा त्यात पुष्कळ असतात. जीपीएसला नेट लागत नाही हे बऱ्याच जणांना पटतच नाही, पण खरंच लागत नाही, कारण सिग्नल थेट उपग्रहाकडून येतो. फक्त नेट नसल्यामुळे पहिल्यांदा जागा सापडायला काही मिनिटं जातात, तेव्हा उघड्यावर उभं राहा आणि सारखं बंद-चालू करू नका.

गुगल ट्रान्सलेटमध्ये मराठीचा ऑफलाइन पॅक उतरवून घ्या. किविक्स हे ऑफलाइन वाचायचं ॲप टाकलं तर आख्खा मराठी विकिपीडिया फोनमध्ये बसतो, शाळेतल्या पोरांना यासारखं दुसरं काही नाही. गाणी, कीर्तनं मेमरी कार्डवर, व्हीएलसी प्लेअर सगळं वाजवतं. कार्डाचा फॉरमॅट एफएटी३२ असेल तर ४ जीबीच्या वरची फाइल कॉपी होत नाही, त्यात फोनचा काही दोष नाही. फोनमध्ये एफएम असेल तर वायरवाला हेडफोन लावा, तीच अँटेना असते, मुंबईत १००.७ वर एफएम गोल्ड लागतं.

भरून झालं की प्ले स्टोअरचं ऑटो-अपडेट बंद करा. जुन्या फोनची जागा तिथेच संपते आणि वायफाय मिळालेली दहा मिनिटंही त्यातच जातात.

पैशाचं काम *९९# डायल करून होतं, नेट लागत नाही. नंबर बँकेत नोंदवलेला हवा, पहिल्या वेळी डेबिट कार्डाचे शेवटचे ६ आकडे आणि एक्स्पायरी टाकून यूपीआय पिन सेट करायचा, पुढे एका वेळी ₹५,००० पर्यंत पाठवता येतात. सगळ्या सिमवर हे चालतंच असं नाही, आणि मेनू मधेच तुटतो, चिडचिड होते खरी, पण वाण्याचे दोनशे रुपये द्यायला पुरतं. रेल्वेचा पीएनआर १३९ वर एसएमएस केला की तिकिटाची स्थिती कळते. ऑनलाइन काढलेलं तिकीट असेल तर आयआरसीटीसीचा एसएमएस आणि फोटो असलेलं ओळखपत्र टीसीला चालतं, पीडीएफ शोधत बसू नका. बँकेचे ओटीपीही एसएमएसनेच येतात, म्हणून मेसेजचा इनबॉक्स तुडुंब भरू देऊ नका.

घराबाहेर वायफाय हवंच असेल तर रेल्वे स्टेशन बघा. मोठ्या स्टेशनांवर रेलवायर नावाचं रेल्वेचं वायफाय दिसतं, नंबर टाकला की ओटीपी येतो आणि दिवसाची पहिली ३० मिनिटं फुकट असतात. स्पीड फार नसतो, तेव्हा व्हिडिओ लावू नका, आधी व्हॉट्सॲप उघडून साचलेले मेसेज उतरू द्या, मग मॅप अपडेट. बँक, पासवर्ड वगैरे मात्र घरच्या वायफायवरच.