परसातली भाजी आणि घरपट्टीची सवलत: या चुका टाळा

पुणे महापालिका सोलर, गांडूळखत किंवा पावसाचं पाणी साठवण यांपैकी एक असेल तर घरपट्टीत 5 टक्के आणि दोन असतील तर 10 टक्के सूट देते. पुण्याच्या पाहुण्यांकडून ही बातमी बेळगावच्या शहापूर, वडगाव, अनगोळात पोचते आणि गच्चीवर मेथी-कोथिंबीर लावणाऱ्याला वाटतं, आपल्यालाही मिळणार. इथेच घोटाळा होतो. बेळगावची घरपट्टी कर्नाटक महानगरपालिका कायदा, 1976 प्रमाणे ठरते. पुण्याची सूट धरून पैसे कमी भरलेत, तर फरक तुमच्या नावावर थकबाकी म्हणून राहतो.

आपल्याकडे हमखास पदरात पडणारी सवलत वेगळी आहे: एप्रिलमध्ये वर्षाची घरपट्टी एकरकमी भरली की 5 टक्के कमी. बागेच्या सवलतीची चौकशी करत मे महिना उजाडला, की तीही गेली. आधी भरा, मग चौकशी करा.

दुसरी चूक एनए, म्हणजे बिनशेती, प्लॉटवाल्यांची. बिनशेती झालेल्या जागेत वांगी-मिरची पिकली म्हणून ती कागदावर शेत होत नाही. रिकाम्या प्लॉटचीही पट्टी येते. उताऱ्यावर जमीन अजून शेतीच असेल तर गोष्ट वेगळी; म्हणून भांडायला जाण्याआधी उतारा काढून बघा. कन्नड वाचता येत नसेल तर जाणत्याकडून क्षेत्रफळ, वापर आणि नावाचं स्पेलिंग एकेक करून वाचून घ्या.

गच्चीवर पत्र्याची खोली उभारली किंवा घरातूनच रोपं विकायला लागलात, तर बांधकाम आणि वापर दोन्ही बदलतात. आपल्याकडे मालक स्वतःच आकारणी भरून देतो, त्यामुळे लपवलेलं पुढे दंडासकट निघतं.

सवलत मागायचीच असेल, आणि मागावीच असं मला मनापासून वाटतं, तर नुसतं 'झाडं लावलीत' म्हणून भागणार नाही. कॅलिफोर्नियाने 2013 मध्ये शहरातल्या पडीक प्लॉटवर शेती केली तर करात सूट देणारा कायदा केला. त्यात प्लॉट 0.1 ते 3 एकरांचा लागतो, त्यावर घर चालत नाही आणि किमान 5 वर्षं शेतीचा करार करावा लागतो. करार मोडला तर वाचलेला कर परत भरायचा. वडगाव-शहापूरच्या शिवाराला लागून पडून असलेल्या प्लॉटना असा नियम शोभेल. निवेदन नगरसेवकांबरोबर आमदारांनाही द्या, कारण कायदा बेंगळूरला बदलतो. आणि पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.