ओल्या पिग साच्याने शिकवलेले काम

कोल्हापूर परिसरातील एका लहान फाउंड्रीत मी भट्टीचे काम पाहत असताना, पावसाळ्यातील एका पहाटे लॅडलमधील, म्हणजे वितळलेले लोखंड वाहून नेण्याच्या भांड्यातील, उरलेला लोखंडाचा रस पिगच्या साच्यात, म्हणजे उरलेल्या रसाचे ठोकळे पाडण्याच्या साच्यात, ओतला आणि क्षणात तो मोठ्या आवाजासह छपरापर्यंत उसळला. कामगार मागे उभे होते म्हणूनच सारे बचावले. त्या क्षणाची धास्ती अजून मनातून गेलेली नाही.

शोध घेतल्यावर दिसले की गळक्या पत्र्यातून साच्याच्या तळाशी थोडेसे पाणी साचले होते. रसावर पडलेल्या पाण्याची वाफ मोकळी निघून जाऊ शकते, परंतु सुमारे १३५० अंश सेल्सिअसच्या रसाखाली अडकलेल्या पाण्याचे आकारमान वाफ होताना सुमारे १६०० पटींनी वाढते आणि बाहेर पडायला वाट नसल्याने ती वाफ वरचा रसच उडवून देते. म्हणून पेलाभर पाणीही मला क्षुल्लक वाटत नाही.

पत्रा त्याच दिवशी बदलला. त्यानंतर पिगचे साचे बर्नरने तापवल्याखेरीज वापरले नाहीत, लॅडलचे नवे अस्तर आतून लालसर दिसेपर्यंत तापवले आणि भंगार छपराखाली आणून, दोन्ही टोके बंद असलेले पाइपचे तुकडे वेगळे काढूनच भट्टीत टाकले, कारण अशा पाइपात पाणी दडलेले बाहेरून कळत नाही. ओतकामाच्या जागी काँक्रीटवर कोरड्या वाळूचा थर पसरला, कारण काँक्रीटही ओल धरून ठेवते. लॅडल तापवण्यात वेळ जातो अशी तक्रार झाली. ती मी मान्य केली नाही.